आनंदीताई गप्प होत्या ते तीन महिने

आनंदीताई मूळच्या कुठल्या, हे मला अजूनही एका वाक्यात सांगता येत नाही. जन्म दोडामार्गाकडच्या एका वाडीतला. लग्न झाल्यावर डिचोलीजवळच्या खाणीवर, कारण नवरा दत्ताराम खनिजाच्या ट्रकावर होता. मग अकरा वर्षं वास्कोला, कारण त्याला मुरगावच्या धक्क्यावर काम मिळालं. खाणी बंद पडल्या, धक्क्यावरचं काम आटलं, तेव्हा पुन्हा डिचोली. दत्ताराम आता एका गोदामावर राखण करतो आणि आनंदीताई आमच्या साईशला सांभाळतात. त्यांची एकुलती लेक कुडाळला दिली आहे. ती फोनवर आईला म्हणते, "आई, तू आता पुरी गोंयकारीण झालंस." वास्कोच्या बायका त्यांना भायली, म्हणजे बाहेरची म्हणायच्या. आमच्या इमारतीत त्या 'तिसऱ्या मजल्यावरची मालवणी बाई' आहेत.

त्यांच्या बोलण्यातही ही सगळी ठिकाणं आहेत. वाक्य मालवणीत सुरू होतं, मध्ये गोव्याचे दोन शब्द येतात, आणि शेवट असा वर उचललेला की वास्कोच्या नळावरच्या कानडी बायकांची आठवण यावी. पहिल्या दिवशी त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "वयनी, पोर खंय? आधी पोर दाखवा, मगे मी चपला काढतंय." साईश तेव्हा आठ महिन्यांचा होता. त्याला बघून त्यांनी चपला काढल्या. तेव्हापासून त्या आमच्याकडे आहेत.

मी पर्वरीला सरकारी कार्यालयात काम करते. सकाळी आठची बस, संध्याकाळी साडेसहाला घरी. नवरा, प्रशांत, कधी माझ्या आधी येतो, कधी नंतर. म्हणजे साईशच्या जागेपणीचे नऊ-दहा तास आनंदीताईंचे. हे मला कळत होतं, पण त्याचा अर्थ कळायला बराच वेळ लागला.

दुपारी साईशला पेज भरवताना त्या गाऱ्हाणं घालायच्या. आमच्याकडे देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात तसंच. देवाला उद्देशून एक माणूस मोठ्याने मागणं मांडतो आणि बाकीचे सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणून रुकार देतात. फक्त आनंदीताईंचा नारळ म्हणजे पेजेची वाटी. एका शनिवारी मी घरी होते म्हणून ऐकलं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकराच्या वाटयेत पेज इली हा, ती त्येच्या पोटाक लागू दे रे म्हाराजा!"

मग स्वतःच, आवाज बदलून, "व्हय म्हाराजा!" आणि साईशचं तोंड उघडलं की चमचा आत.

"त्या कवाड्यार बसलल्या कावळ्याची नजर पेजेर पडा नये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दुसरा चमचा.

साईश बोलत नव्हता. दीड वर्षाचा झाला, नाही. दोन वर्षांचा झाला, नाही. इमारतीतली त्याच्या वयाची पोरं जिन्यातून ओरडत उतरायची आणि हा बोट दाखवायचा. सासूबाई म्हणायच्या, प्रशांतही उशिरा बोलला. ऑफिसातल्या एकीने सांगितलं, मोबाइल बंद कर. मोबाइल त्याच्या हातात कधी नव्हताच. रात्री तो झोपला की मी त्याच्या तोंडाकडे बघत बसायची.

अडीच वर्षांचा असताना एका दुपारी आनंदीताईंचा ऑफिसात फोन आला. त्या कधी फोन करत नाहीत, म्हणून मी हातातलं काम टाकून उचलला. "वयनी, ऐका," एवढंच म्हणाल्या आणि फोन त्याच्याजवळ धरला. मागून त्यांचं गाऱ्हाणं ऐकू आलं, आणि त्यावर एक बारीक आवाज. "व्हय म्हाराजा!" शेवट वर उचललेला, अगदी त्यांच्यासारखा.

मी फाइलवर डोकं ठेवून रडले. शेजारच्या टेबलावरच्या विशालला वाटलं, घरी कोणी गेलं.

त्यानंतर दोन-तीन महिने बरे गेले. शब्द फार नव्हते, पण येत होते. मग चवथ आली.

चवथीला आम्ही सगळे प्रशांतच्या गावी, डिचोली तालुक्यातच, मोठ्या घरी जमतो. गणपती बसला की प्रशांतचे काका, बाबाजी, गाऱ्हाणं घालतात. त्यांनी पहिलं वाक्य संपवलं, सगळ्यांनी हळू आवाजात रुकार दिला, आणि त्या सगळ्यांच्या वर साईशचा आवाज चढला, "व्हय म्हाराजा!" तोच लांबवलेला हेल, तोच उचललेला शेवट. सगळं घर हसलं. बाबाजीकाकासुद्धा हसले, त्यांना पुढचं वाक्य सुचेना.

ते हसणं वाईट नव्हतं. वाईट झालं ते नंतर. माझी नणंद प्राजक्ता पुण्याला असते. तिने साईशला मांडीवर घेतलं. "अगं क्षमा, हा तर दशावतारातून पळून आलेला दिसतोय! परत म्हण रे. परत म्हण. थांब, फोन काढते." तो म्हणाला. परत सगळे हसले. मग भावोजींसाठी एकदा, मग उशिरा आलेल्या पाहुण्यांसाठी एकदा. पोरं त्याच्यामागे फिरत त्याच्या हेलात ओरडायला लागली. सहाव्या की सातव्या वेळी साईशने तोंड उघडलं आणि मिटलं. तो गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखालून निघून मागच्या खोलीत गेला आणि पलंगाखाली बसला.

प्राजक्ता मला म्हणाली, "गंमत जाऊ दे, पण जूनमध्ये शाळेत घालणार ना याला? हे असं बोलला तर पोरं खातील त्याला. ती बाई कुठली आहे मुळात?"

"दोडामार्गची."

"मग तिला सांग ना नीट."

मी तिच्यावर चिडायला हवं होतं. चिडले नाही, कारण ती बोलली ते माझ्याच मनात होतं.

मी पेडण्याची. सतराव्या वर्षी म्हापशाला कॉलेजात गेले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात वर्गात एक प्रश्न विचारला. मागच्या बाकावरून कोणीतरी तोच प्रश्न माझ्या हेलात परत म्हटला, आणि दुसरं कोणी म्हणालं, "पेडण्याची गाडी लागली!" पुढचे सहा महिने मी वर्गात काही विचारलं नाही. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून, ओठांतल्या ओठांत, म्हापशाच्या मुलींसारखं बोलायचा सराव करायची. वर्ष संपेपर्यंत जमलं. सुट्टीत घरी गेले तेव्हा बाबा थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "बाय, तू पावण्यासारखी बोलूक लागलंस." ते रागावून म्हणाले नाहीत. पण त्यानंतर ते माझ्याशी जरा जपून बोलायचे, पाहुण्याशी बोलावं तसे.

लोकांना वाटतं, माणूस बोलायची ढब बदलतो ती ऐट म्हणून. माझं तसं नव्हतं. मी दमले होते. रोज तोंड उघडायच्या आधी भीती वाटायची, ती संपवायची होती. पण हे तेव्हा मी स्वतःलाही सांगितलं नाही, आणि चवथीच्या दिवशीही नाही. साईशचं तसं होऊ नये एवढंच डोक्यात होतं.

ऑक्टोबरात साईशला म्हापशाला एका दवाखान्यात नेलं. तिथे लहान मुलांचं बोलणं तपासणाऱ्या एक बाई बसतात. आधी कागद भरायचा होता. 'घरात बोलली जाणारी भाषा' या ओळीपुढे मी विचार न करता 'मराठी' लिहिलं. आमच्याकडे सगळे असंच लिहितात. देवापुढे, पत्रिकेवर, कागदावर मराठी. मासळीवालीशी आणि एकमेकांशी जे तोंडात येईल ते. आजवर त्या ओळीत काय लिहावं असा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडलेला मी पाहिला नाही.

बाईंनी चित्रं दाखवली. खुर्ची. खिडकी. चमचा. पाव. "खुर्ची कुठंय बाळा? खिडकी दाखव." साईश माझ्याकडे बघत राहिला. वीस चित्रं झाली. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं, मी वाकून वाचलं. शून्य.

"दिवसभर कोणाजवळ असतो?"

"एक ताई आहेत. त्यांचं बोलणं जरा वेगळं आहे."

बाईंनी मान डोलावली आणि तेही लिहून घेतलं. त्या आणखी काही म्हणाल्या नाहीत. तीन महिन्यांनी या, त्याच्याशी भरपूर बोला, एवढंच. उरलेलं सगळं मी बसमध्ये बसून स्वतः ठरवलं.

दुसऱ्या दिवशी आनंदीताई लादी पुसत होत्या. मी बस चुकवून थांबले. "ताई, राग मानू नका. साईशशी जरा स्वच्छ मराठीत बोलाल का? शाळेत जायचं आहे त्याला."

त्यांनी हातातला फडका पिळला. "स्वच्छ?"

"म्हणजे पुस्तकात असतं तसं. तुम्हाला येतं की."

"बरा, वयनी," त्या म्हणाल्या. आणि मग थांबून, "बरं, वहिनी."

त्या दिवसापासून आमच्या घरात शांतता आली. मी घरी आले की साईश न्हाऊन माखून बसलेला, स्वयंपाकघर लख्ख, आणि आनंदीताई दाराशी पिशवी घेऊन तयार. "जेवला. झोपला. येते वहिनी." तीन वाक्यं, तिन्ही शुद्ध. मला बरंही वाटलं, हे सांगायला लाज वाटते पण वाटलं. म्हटलं, बाई शिकल्या.

साईश मात्र हात धरून ओढायचा. पाणी हवं तर मडक्याकडे ओढायचा, बाहेर जायचं तर दाराकडे. संध्याकाळी पोदेर पाव घेऊन आला की त्याच्या सायकलचा भोंगा ऐकून पूर्वी हा काहीतरी ओरडत गॅलरीत धावायचा. आता नुसता धावायचा. मी खिडकीपाशी बसून पुस्तकातले शब्द शिकवायची. तो माझे ओठ बघायचा. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. एका रात्री प्रशांत म्हणाला, "हा शेवटचा काही बोललेला तुला कधी आठवतो?" मी आठवून पाहिलं. आठवेना. मग दोघांनाही झोप लागली नाही.

जानेवारीत परत दवाखान्यात जायचं होतं. फोनवर बाई म्हणाल्या, "या वेळी त्याला सांभाळणाऱ्या ताईंनाही आणा." त्यामुळे आम्ही तिघं बसने निघालो. साईश आनंदीताईंच्या मांडीवर, खिडकीला नाक लावून. अस्नोडा मागे पडल्यावर मी विचारलं, "ताई, तो पूर्वी तुमच्याबरोबर गाऱ्हाणं म्हणायचा. हल्ली म्हणत नाही?"

त्या बाहेर बघत होत्या. "मीच म्हणनंय नाय, तर तो खंयसून म्हणतलो?"

"तुम्ही का म्हणत नाही?"

"तुमीच सांगितलास मा, वयनी. स्वच्छ बोला म्हणान. माका तसा बोलूक येना नाय. दोन वाक्यां येतत, ती तुमच्यावांगडा बोलतंय. पोराक चुकीचा शिकवन त्येचा वाईट करूचा, त्यापेक्षा गप रवलंय."

"तीन महिने? दिवसभर?"

"गप रवाची माका सवय आसा."

आणि मग त्यांनी वास्कोची गोष्ट सांगितली. अडीच वर्षांत पहिल्यांदाच. नव्या असताना त्या चाळीच्या नळावर गेल्या आणि कळशी लावू का म्हणून विचारलं. नळावरच्या बायका हसल्या. हसल्या ते संपलं असतं, पण त्यांतल्या एकीने ते वाक्य पकडून ठेवलं. आनंदीताई दिसल्या की ती त्यांच्या हेलात तेच म्हणायची, "लावू काय गेऽऽ?" तिच्या मनात काही वाईट नसावं, असं आनंदीताईच म्हणाल्या. पण रोज. शेवटी त्या सगळ्यांचं पाणी भरून झाल्यावर नळावर जायला लागल्या. बाजारात बोट दाखवायच्या. वर्षभर.

"वर्षभर कुणाशीच बोलला नाहीत?"

"एक गंगाक्का होती, धारवाडकडची. तिचा बोलणा माका कळा नाय, माझा तिका कळा नाय. पण ती हसली नाय. कळला नाय तर म्हणायची, परत सांग गे, माझोच कान जड. तिचो कान जड नव्हतो, वयनी. बारीक चिमणी बोलली तरी ऐकायची." त्या थोडं हसल्या. "तिच्यावांगडा बोलान बोलानच माझा बोलणा असा वर चडला. माका कळलाच नाय."

तीन वर्षांनी त्या शिगम्याला माहेरी गेल्या, तेव्हा सख्खा भाऊ सगुण अंगणातून ओरडला, "इली बघा वास्कोची मडम!" आणि त्यांच्या हेलाची नक्कल करून दाखवली. घरचे सगळे हसले.

"थंय हसले, हंय हसले," आनंदीताई म्हणाल्या. "मगे मी म्हटलां, हसात. पण पोरटोरांवांगडा माका भय नव्हता. पोरां हसनत नाय. ती तोंडाकडे बघनत नाय, डोळ्यांत बघतत."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. रस्ता दुसरा, पण बस तशीच, म्हापशाला जाणारी. अशाच बसमध्ये मी ओठांतल्या ओठांत सराव करत जायची.

दवाखान्यात बाईंनी खाली चटई घातली. "ताई, घरी याच्याजवळ बसता तशा बसा. घरी बोलता तसं बोला."

आनंदीताई पदर खोचून बसल्या. साईश समोर. बाईंनी चित्रं मधे ठेवली. आनंदीताईंनी चित्रांकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग माझ्याकडे. "वहिनी, कसं बोलू?"

म्हणजे परवानगी मागत होत्या. माझ्या मुलाशी बोलायची.

मला मराठीत काहीतरी नीट सांगायचं होतं. 'तुम्हाला सोयीचं होईल तसं' वगैरे. पण तोंडातून आलं ते वेगळंच. "ताई, घराकडे बोलतास तसाच बोला गे. माझ्या घराकडेय असाच बोलतत."

बावीस वर्षांनी. हेल मोडका निघाला, मध्येच आवाज चिरकला. दवाखान्यातल्या बाईंनी मान वर केली. साईशने वळून माझ्याकडे असं पाहिलं, जसं त्याला कुणी नवीन माणूस दिसलं.

आनंदीताई बघतच राहिल्या. "अगे बाय माझे! तुमी आमच्यातल्याच! मगे इतकी वरसां लपयलास खंय?"

उत्तराची वाट त्यांनी पाहिलीच नाही. त्यांनी एक चित्र उचललं, वाटीसारखं तळहातावर धरलं. "बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकराच्या वाटयेत काय इला ता माका दिसना नाय रे म्हाराजा! काय रे साईशा, काय इला?"

साईश गप्प. बाईंनी मला हाताने खूण केली, थांबा. मी थांबले. किती वेळ गेला माहीत नाही. मला तर वाटलं, झालं, आता हेही गेलं.

"कुलेर," साईश म्हणाला.

चित्र चमच्याचं होतं. आमच्याकडे चमच्याला कुलेर म्हणतात. माझी आईसुद्धा.

मग कदेल म्हणजे खुर्ची, जनेल म्हणजे खिडकी, उंडो म्हणजे पाव. प्रत्येकाच्या आधी लांबलचक शांतता आणि शेवट वर उचललेला. वीसपैकी सात. आठव्या चित्राला त्याने जांभई दिली आणि आनंदीताईंच्या मांडीवर डोकं टेकलं.

"ऑक्टोबरात मी याचे शून्य लिहिले होते," बाई म्हणाल्या. त्यांनी माझा जुना कागद काढला आणि 'घरात बोलली जाणारी भाषा' या ओळीवर बोट ठेवलं. त्या रागावल्या नाहीत. "सात म्हणजे वयाच्या मानाने कमीच आहेत. ते तुमच्यापासून लपवत नाही. काम करावं लागेल. पण त्याच्या हेलाची काळजी सोडा. आता तो या ताईंचा आहे. शाळेत गेला की पोरांचा उचलेल, पुढे जिथे राहील तिथला. तुमचा नाही बदलला? माणसं ज्यांच्यात राहतात त्यांच्यासारखं बोलायला लागतात, त्यात कुणाची चूक नसते. आज त्याला बोलायला कुणीतरी हवंय, एवढंच."

"तो चुकीचं बोलला तर?"

"दुरुस्त करू नका. परतही म्हणायला लावू नका. उंडो म्हणाला तर पाव द्या हातात. बोललेलं पोचलं हे त्याला कळलं, की पुढचा शब्द तो स्वतः आणेल."

परत येताना साईश झोपला होता. आनंदीताईंना मी म्हटलं, "ताई, माझं चुकलं." त्या म्हणाल्या, "जाऊ दे, वहिनी." वहिनी. वयनी नाही.

मला वाटलं होतं, दुसऱ्या दिवसापासून सगळं पूर्ववत होईल. तसं झालं नाही. तीन महिने मिटलेलं तोंड एका दुपारच्या परवानगीने उघडत नाही. मी घरात असले की आनंदीताई अजून पुस्तकी बोलायच्या आणि मोजकं. साईश मोठ्यांच्या गर्दीत अजून तोंड उघडत नव्हता. फेब्रुवारीत प्राजक्ताचा फोन आला. "काय म्हणतोय आमचा दशावतारी? दे त्याला. व्हय म्हाराजा म्हणायला लाव ना एकदा."

"ते नको गं," मी म्हटलं. "तो काय जेवला ते विचार. त्याचं तो सांगेल."

मी फोन स्पीकरवर टाकून त्याच्यासमोर धरला. मला वाटलं, तिला राग आला. मग फोनमधून आवाज आला, "साईश, काय जेवलास रे?" त्याने माझ्याकडे पाहिलं. "पेज." प्राजक्ताला हसू येत होतं, मला ऐकू येत होतं ते, पण तिने ते आवरलं. "आणि पेजेबरोबर?" बराच वेळ गेला. "नुस्ता." मासळी. तिने विचारलं, कुठली. पण तोवर तो खेळायला गेला होता.

मार्चपासून मी एक गोष्ट करायला लागले. बसमधून उतरून तीन जिने चढले की बेल दाबायची नाही. दाराबाहेर उभं राहायचं. कारण या वेळेला आत आनंदीताई साईशला पेज किंवा दूध-पाव देत असतात, आणि मी घरात नाही असं समजून त्या पूर्वीसारख्या बोलतात. दारातून सगळं ऐकू येतं. बा देवा म्हाराजा, आज पोदेराने उंडो करपवलो रे म्हाराजा. आणि त्यावर तो बारीक आवाज. मी आत गेले की हे थांबणार, म्हणून खांद्यावरची पिशवी भिंतीला टेकून मी तशीच उभी राहायची. दहा मिनिटं, कधी पंधरा. पायांत गोळे यायचे. एकदा वरच्या मजल्यावरचे विठूकाका उतरताना म्हणाले, "चावी विसरलीस गो?" मी हो म्हटलं. दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही, नुसतं पाहिलं.

जून जवळ येतोय. शाळेत पोरं हसतील का, तर हसतील. सातचे आता एकवीस शब्द झालेत, एवढ्यावर शाळेत त्याचं भागेल का कोण जाणे. हे लिहितानासुद्धा मी मधेमधे आत जाऊन तो झोपलाय का बघून येते आहे. सगळ्याच काळज्या संपवता येत नाहीत, हे आता कळायला लागलंय. पण गेल्या गुरुवारचं लिहून ठेवायचं आहे.

गुरुवारी बस उशिरा आली. ऑफिसात दिवसभर उभी होते. जिने चढून दारापाशी आले, पिशवी टेकवली आणि कान लावला. आत गाऱ्हाणं चालू होतं. कावळा झाला, पोदेर झाला, खालच्या कुत्र्याची पिल्लं झाली. साईश प्रत्येकाला रुकार देत होता. मग आनंदीताईंनी आवाज जरा चढवला.

"बा देवा म्हाराजा! ह्येची आवस रोज सांजची दाराभायर उबी रवता, तिका वाटता आमका कळना नाय! तिचे पाय दुखतत, भितर चाय थंड जाता. तिका आपल्याच घरात येवची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" साईश ओरडला.

मी बेल दाबली नाही. दार लोटलेलंच होतं. चपला काढल्या, आत गेले आणि त्या दोघांच्या शेजारी खाली बसले. आनंदीताई गप्प झाल्या नाहीत.